सुईची खूण

अकोल्याहून वाशिमकडे निघाले की पातूर मागे पडते आणि रस्ता डोंगरात शिरतो. घाट चढून वर आले की मेडशी लागते. १९९९ साली या भागात आमची पहिली नेमणूक झाली, तेव्हा या गावाची आणि आमची ओळख झाली. आदल्याच वर्षी, १ जुलै १९९८ रोजी, अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला होता. त्यामुळे मेडशीची माणसे पत्ता सांगताना जिल्ह्यापाशी येऊन अडखळत; कुणाच्या तोंडी अकोला येई, तर कुणाच्या वाशिम. मोटारसायकलवरून घाट चढून आल्यावर येथे थांबून चहा घ्यावयाचा, हा आमचा परिपाठ होऊन गेला. त्या चहाच्या दुकानातच जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका गुरुजींशी परिचय झाला आणि पुढे त्या परिचयाचे स्नेहात रूपांतर झाले.

गुरुजी व्याकरणाचे मोठे कैवारी. वर्तमानपत्र वाचतानाही त्यांच्या हाती तांबडी पेन्सिल असे. आम्ही वसईकडचे, आमच्या मराठीत समुद्राचा वारा आहे, असे ते म्हणत. आम्ही काही लिहिले की त्याची प्रत घेऊन मेडशीला जावे, गुरुजींनी ती तांबडी करून परत द्यावी आणि आम्ही ती निमूटपणे शुद्ध करावी, असे वर्षानुवर्षे चालत आले. आमच्या बदल्या झाल्या, गुरुजी सेवानिवृत्त झाले, परंतु तांबड्या पेन्सिलीचे राज्य काही संपले नाही. त्यांचे दुसरे व्यसन मात्र आम्हांला कधी आवडले नाही. ते म्हणजे विडी.

ज्या प्रसंगाविषयी लिहावयाचे आहे तो २०१९ सालचा. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही मेडशीला गेलो असता गुरुजींच्या उजव्या कानाच्या पाळीखाली एक गाठ दिसली. लिंबाएवढी असेल. वाचताना त्यांचा हात सारखा तिकडे जाई.

‘‘गुरुजी, ही कसली गाठ?’’ आम्ही विचारले.

‘‘तीन वर्षं झाली फादर. पहिले बोराएवढी होती. दुखत नाही, म्हणजे तिचं काही म्हणणं नाही.’’

वहिनी आतून म्हणाल्या, ‘‘मी म्हणते बिब्बा लावून पाहा, तं आयकतच नाहीत.’’

शेजारच्या एका वृद्धांनी गंडमाळेचे निदान केले होते, तर दुसऱ्यांनी बजावले होते की गाठीला लोखंड लावू नका. सुई टोचली की गाठ चिडते. हे दुसरे मत खेड्यापाड्यांत फार दृढ आहे. आम्ही त्याला अडाणी समजूत म्हणून हसलो आणि गुरुजींना तपासणीस जाण्याचा आग्रह केला. पुढे जे घडले त्यात त्या हसण्याचेही थोडे प्रायश्चित्त आम्हांला घ्यावे लागले.

कानापुढे आणि कानाखाली, जबड्याच्या कडेला लागून, लाळेची सर्वांत मोठी ग्रंथी असते. इंग्रजीत तिला पॅरोटिड म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ ‘कानाजवळची’. जबड्याखाली दुसरी जोडी आणि जिभेखाली तिसरी, अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या. कानाजवळच्या ग्रंथीत होणाऱ्या पाच गाठींपैकी साधारण चार सौम्य असतात, म्हणजे कर्करोगाच्या नसतात. परंतु या ग्रंथीच्या पोटातून एक मोलाची वस्तू गेलेली आहे. चेहऱ्याचे स्नायू हालविणारा मज्जातंतू कवटीतून बाहेर पडतो तो या ग्रंथीत शिरतो आणि तिच्यातच त्याला पाच मुख्य शाखा फुटतात. डोळा मिटणे, गाल फुगविणे, ओठ जुळविणे आणि हसणे हे सारे या शाखांच्या स्वाधीन. म्हणून येथील गाठ ही नुसती गाठ राहत नाही. ती कापणाऱ्याच्या हाती माणसाचा चेहरा असतो.

अशा गाठीत काय आहे हे आधीच कळावे यासाठी बारीक सुईची तपासणी करतात. सुई अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जाड. ती गाठीत घालून मागेपुढे करतात, सिरिंजने किंचित ओढ देतात आणि सुईच्या पोकळीत आलेल्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हेज मार्टिन या शल्यचिकित्सकाने आणि एडवर्ड एलिस या त्याच्या सहकाऱ्याने १९३० साली सुईने पेशी काढण्याच्या पद्धतीवर लिहिले. पुढे १९५० आणि १९६० च्या दशकांत स्वीडनमधील डॉक्टरांनी अधिक बारीक सुई वापरून ती पद्धत रूढ केली. क्षयाच्या गाठी आपल्याकडे इतक्या, की या स्वस्त आणि सोप्या तपासणीचा आपल्या देशाएवढा लाभ क्वचितच कुणाला झाला असेल. भूल नको, टाका नको, रुग्णालयात राहणे नको.

जून महिन्यात एका शहरात गुरुजींची ती तपासणी झाली. अहवालात लिहिले होते, ‘वॉर्थिन ट्यूमर’. लाळग्रंथींच्या सुई-तपासणीचे निष्कर्ष कसे लिहावेत याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिला मिलान पद्धत म्हणतात आणि तिच्यात सहा वर्ग आहेत. गुरुजींच्या कागदावर वर्ग होता ४-अ, म्हणजे सौम्य गाठ. डॉक्टरांनी सांगितले की घाई नाही, सवडीने शस्त्रक्रिया करून घ्या आणि विडी सोडा. ही गाठ ओढणाऱ्यांतच अधिक होते. गुरुजींनी तो कागद आणि पेशींच्या दोन काचा घरी आणून पत्र्याच्या पेटीत, आपल्या सेवापुस्तकाच्या खाली ठेवून दिल्या.

आठवडा उलटला आणि गाठ दुखू लागली. वरची कातडी तांबूस झाली, गाठ आकाराने वाढली आणि पूर्वी रबरासारखी लागणारी ती आता दगडासारखी लागू लागली. गोळ्यांनी ठणका कमी झाला, पण गाठीचा कठीणपणा गेला नाही. शेजारचे वृद्ध येऊन बसले आणि काहीही न बोलता त्यांनी मान हलविली. ती मान आम्हांला शब्दांपेक्षा अधिक बोचली. कारण सुई टोचून घ्या असे आम्हीच म्हटले होते.

पोळ्याच्या सुमारास गुरुजींनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे जावयाचे ठरविले. सोबत आम्ही होतो. बसमध्ये ते म्हणाले, ‘‘फादर, पहिल्या डॉक्टरचं नाव काढायचं नाही. ह्या लोकांना राग येतो. वाटतं, आपण त्यांची परीक्षा घ्यायला आलो.’’

आम्हांला ते पटले. वेगळ्या कारणासाठी पटले, आणि ते कारण येथे लिहिलेच पाहिजे. आम्हांला वाटले, नव्या डॉक्टरांस जुने निदान सांगितले तर त्यांचे मन त्याच वाटेने जाईल. पाटी कोरी असली तर ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. हा विचार त्या वेळी आम्हांला मोठा न्याय्य वाटला. पहिल्या कागदाविषयी गुरुजींच्या मनात शंका होती. तिला आम्ही तत्त्वाचे वस्त्र चढविले.

डॉक्टरांनी विचारले, ‘‘याआधी कुठे काही तपासणी केली होती?’’

गुरुजी म्हणाले, ‘‘नाही.’’

आम्ही शेजारच्या स्टुलावर बसलो होतो. आम्ही गप्प राहिलो.

पुन्हा सुई झाली. चार दिवसांनी अहवाल आला. त्यात मृत पेशींचा चुरा होता, आणि त्या चुऱ्यात काही विचित्र, बेढब अशा चपट्या पेशी होत्या. वर्ग ५, म्हणजे कर्करोगाचा संशय. त्या डॉक्टरांना दोष देण्यास आम्हांला जागा दिसत नाही. त्यांच्यापुढे वयस्क, विडी ओढणारा माणूस होता. दोनतीन महिन्यांत वाढलेली, कठीण झालेली, दुखणारी गाठ होती. आणि काचेवर त्या पेशी होत्या. जे त्यांना सांगितले गेले त्यावरून दुसरे अनुमान निघणे कठीण होते. त्यांनी समजावून सांगितले की मोठी शस्त्रक्रिया लागेल, मानेतील गाठीही काढाव्या लागतील, पुढे किरणोपचार. आणि रोगाने मज्जातंतूला विळखा घातलेला आढळला तर तोही कापावा लागेल. मग त्या बाजूचा डोळा पुरता मिटणार नाही आणि ओठ एका बाजूस ओढला जाईल.

परतीच्या वाटेवर गुरुजी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवेगार उभे होते. मग एकाएकी ते हळू आवाजात म्हणू लागले, ‘‘प, फ, ब, भ, म.’’

आम्ही त्यांच्याकडे पाहिले.

‘‘ओठ जुळले नाहीत तं हे पाच जातात फादर,’’ ते म्हणाले. ‘‘चौतीस वर्षं पोरांना शिकवलं. ओष्ठ्य वर्ण म्हणजे ओठांचे. आता माह्या ओठांचं काय होते कोण जाणे.’’

घरी वहिनींनी काही विचारले नाही. बिब्ब्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. मुलाने संत्र्यांच्या झाडांसकट दोन एकर कुणाला देता येईल का, याची चौकशी सुरू केली. आम्ही त्या रात्री मेडशीलाच राहिलो. पत्र्याची पेटी आमच्या डोक्याशीच होती. तिच्यात ‘सौम्य’ असे लिहिलेला कागद पडून आहे हे आम्हांला ठाऊक होते, आणि तरीही तो कागद चुकीचा ठरला असेच आम्ही धरून चाललो होतो. दोन कागद एकमेकांशी बोलू शकतील, हे आमच्या ध्यानीमनीही आले नाही.

शस्त्रक्रियेसाठी आम्ही गुरुजींना नागपूरच्या एका रुग्णालयात घेऊन गेलो. तेथील शल्यचिकित्सकांनी दुसऱ्या तपासणीच्या काचा आपल्या रोगनिदान विभागाकडे फेरतपासणीस पाठविल्या. दुसऱ्या दिवशी त्या विभागातील एक ज्येष्ठ डॉक्टरबाई स्वतः बाहेर बाकापाशी आल्या. असे सहसा होत नाही. त्यांनी गुरुजींची गाठ बोटांनी चाचपली आणि विचारले, ‘‘काका, या काचा बनवण्याआधी ह्या गाठीत कुणी सुई घातली होती का?’’

गुरुजींनी आमच्याकडे पाहिले.

आम्ही आयुष्यभर लोकांची पापनिवेदने ऐकत आलो आहोत. माणूस काय सांगतो याहून काय गाळतो इकडे लक्ष द्यावे, हे सेमिनरीत शिकलो आणि पुढे अनुभवाने ते खरे ठरले. आणि येथे एक बाई सरळ साधा प्रश्न विचारीत होत्या आणि गाळलेली गोष्ट आमच्या जिभेवर होती. या वेळी आम्ही गुरुजींची वाट पाहिली नाही.

‘‘होय,’’ आम्ही म्हणालो. ‘‘जून महिन्यात. त्यानंतर गाठ दुखू लागली.’’

‘‘मग हे कुठे लिहिलेलं का नाही?’’

‘‘सांगितले नाही.’’

त्या रागावल्या नाहीत. केवळ म्हणाल्या, ‘‘त्या पहिल्या काचा असतील तर मला आणून द्या. उद्याच्या उद्या.’’

गुरुजींच्या मुलाने रातोरात मेडशीहून त्या काचा वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या. डॉक्टरबाईंनी दोन्ही जोड्या शेजारी ठेवल्या. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला दोघांना पाहता येईल अशा नळ्या होत्या. आमची उत्सुकता पाहून त्यांनी आम्हांलाही बसावयास सांगितले. त्या दिवशी त्यांच्याकडून जे ऐकले, आणि पुढे पुस्तकांतून जे ताडून पाहिले, ते वाचकांसमोर ठेवतो.

वॉर्थिन ट्यूमर हे नाव ऑल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन या अमेरिकन रोगनिदानतज्ज्ञाचे. त्याने १९२९ साली या गाठीचे वर्णन केले. तिच्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. एक लसिकापेशी, ज्या आपल्या शरीराच्या पहारेकरी. आणि दुसऱ्या गुलाबी दिसणाऱ्या, दाणेदार, दोन ओळींत उभ्या राहिलेल्या मोठ्या पेशी. या दाणेदार पेशींत मायटोकाँड्रिया खच्चून भरलेले असतात. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतील चुली. ज्या घरी चुली अनेक, तेथे सरपण अधिक लागावयाचेच. या पेशींना प्राणवायूची गरज मोठी, आणि रक्तपुरवठा मात्र बेताचा. अशा गाठीत सुई मागेपुढे फिरली की एखादी रक्तवाहिनी फाटते, कोठे रक्त साकळते, आत रक्तस्राव होऊन गाठीच्या वेष्टनात दाब वाढतो, आणि तो बेताचा पुरवठाही तुटतो. मग गाठीचा मोठा भाग उपाशी मरतो. याला इन्फार्क्शन म्हणतात. हृदयाच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूचे जे होते, तेच येथे गाठीचे होते. लॅटिनमध्ये या शब्दाच्या मूळ धातूचा अर्थ ‘ठासून भरणे’ असा आहे. उपासमारीला हे नाव पडावे, हा भाषेचा एक विनोदच म्हणावयाचा.

गाठ मरते तेव्हा ती सुजते, दुखते आणि कठीण होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की रोग उसळला. खरे गोंधळाचे ठिकाण मात्र याच्याही पुढे आहे. मेलेल्या भागाच्या कडेला ज्या पेशी वाचतात, त्या दुरुस्तीस लागतात. जखम भरून काढण्याच्या घाईत त्या आपले रूप पालटून कातडीच्या पेशींसारख्या चपट्या होतात. या रूपांतराला मेटाप्लेझिया असे नाव आहे. या घाईतल्या पेशींची केंद्रके मोठी होतात, आकार वेडेवाकडे होतात. आणि मृत पेशींच्या चुऱ्यात अशा चार पेशी दिसल्या की त्या चपट्या पेशींच्या कर्करोगासारख्या दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली रोगही दिसतो आणि रोगाला झालेली जखमही दिसते, पण ‘मी जखम आहे’ असे जखम स्वतः सांगत नाही. ते माणसाला सांगावे लागते.

डॉक्टरबाईंनी आम्हांला आधी जूनमधील काच दाखविली. गुलाबी पेशींचे ताटवे आणि भोवती लसिकापेशींची गर्दी. मग दुसरी. तेथे ताटव्यांची केवळ छाया उरली होती. घर जळून भिंतीची रेघ उरावी तशा, केंद्रके नाहीशी झालेल्या पेशींच्या फिकट आकृत्या. आणि त्यांच्यामध्ये त्या बेढब चपट्या पेशी. ‘‘ही काच एकटी माझ्यापुढे आली असती तर मीही संशय लिहिला असता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण हा चुरा पाहून मला वाटलं की इथे आधी काहीतरी घडलेलं आहे. म्हणून बाहेर आले.’’

आम्ही विचारले, ‘‘म्हणजे कर्करोग नाही?’’

‘‘असं मी आज म्हणणार नाही,’’ त्यांनी उत्तर दिले. ‘‘दोन्ही काचा मिळून सौम्य गाठीकडे बोट दाखवतात, एवढंच. पूर्ण गाठ हाती आली की सांगेन. पण मज्जातंतू आधीच गेला असं धरून कुणी सुरी हाती घेऊ नये.’’

लाळग्रंथीच्या बाबतीत असा चकवा यापूर्वीही ओळखला गेला आहे. टाळूतील लहान लाळग्रंथींचा रक्तपुरवठा तुटला की तेथे एक खोल व्रण पडतो आणि तो हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो. तो आपला आपणच बरा होतो. १९७३ साली एब्रम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन करीपर्यंत अशा रुग्णांवर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया होण्याचा धोका होता. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीतही सुईनंतर असेच फसवे बदल होतात. १९९४ साली व्हर्जिनिया लिव्होल्सी आणि मारिया मेरिनो या दोघी डॉक्टरांनी त्या बदलांना एक नावच देऊन टाकले. त्या नावाचा आशय असा की, हे सुईनंतरचे बदल पाहणाऱ्याला चिंतेत पाडणारे आहेत. नाव मिळाले म्हणजे पुढच्या माणसाला ओळख पटते. त्या ज्येष्ठ बाईंना चुऱ्याकडे पाहून सुईची आठवण झाली, ती अशा पूर्वसूरींमुळे.

शस्त्रक्रिया सप्टेंबरअखेरीस झाली. मृत भाग भोवतालच्या ऊतीला चिकटून बसल्यामुळे मज्जातंतूच्या शाखा सोडविण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागला, असे शल्यचिकित्सकांनी नंतर सांगितले. शाखा सगळ्या राखल्या गेल्या. काही आठवडे गुरुजींचा खालचा ओठ उजवीकडे थोडा आळसावलेला होता. दिवाळीपर्यंत तो ताळ्यावर आला. पूर्ण गाठ तपासून जो अहवाल मिळाला त्यात असे होते: बहुतांश भाग मृत, कडेला वॉर्थिन ट्यूमरची पट्टी जिवंत, चपट्या पेशींचे रूपांतर, कर्करोग नाही. मानेतील गाठींना हात लावावा लागला नाही. किरणोपचार नाहीत. दोन एकर आणि संत्र्यांची झाडे गुरुजींकडेच राहिली.

यावरून कुणी असे समजू नये की शेजारचे वृद्ध बरोबर होते आणि सुई टाळावयास हवी होती. सुईने गाठीला जखम होते, हे खरे. परंतु संपूर्ण गाठ मरण्याचा प्रकार क्वचित घडतो, आणि घडला तरी त्याने सौम्य गाठीचा कर्करोग होत नाही. बारीक सुईच्या वाटेवर रोगाच्या पेशी रुजण्याचे उदाहरण तर अतिशय विरळ. वृद्धांचे निरीक्षण खरे होते, गाठ चिडली होती. त्यांनी काढलेला अर्थ चुकीचा होता. आम्ही मात्र निरीक्षणालाच हसलो होतो. सुई न घेता एकदम सुरी लावणे, अथवा काहीच न करता गाठ वाढू देणे, यांत धोका कितीतरी अधिक. लाळग्रंथीच्या गाठीत सुईची तपासणी आजही पहिली पायरी आहे आणि ती योग्यच आहे.

मग शिकावयाचे काय? इतकेच, की सुई गेली त्याची नोंद राहिली पाहिजे. कोणत्या तारखेस, कोणत्या बाजूस, किती वेळा, आणि त्यानंतर गाठीत काय फरक पडला. पहिल्या तपासणीचा कागद आणि काचा जपून ठेवाव्यात, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना त्या पिशवीत असाव्यात. कागद महत्त्वाचा, पण काच त्याहून महत्त्वाची. कारण कागदावर एका माणसाचे मत असते, तर काचेवरून दुसरा माणूस नव्याने मत बनवू शकतो. आम्ही कोऱ्या पाटीचे तत्त्व मांडले होते. खरे पाहता पाटी कोरी नव्हतीच. तिच्यावर जूनमध्येच एक ओरखडा उमटला होता. आम्ही तो सांगितला नाही, म्हणून वाचणाऱ्याने त्यालाच अक्षर समजून वाचले.

आणि डॉक्टरांना राग येईल ही भीती? नागपूरच्या त्या बाईंना राग आला नाही. येता तरी चालले असते. कुणाच्या रागापेक्षा माणसाचा चेहरा मोठा आहे. वडीलधाऱ्यांसोबत रुग्णालयात जाणाऱ्या मुलासुनांना, शेजाऱ्यांना आणि आमच्यासारख्या सोबत्यांना आम्ही हे विशेषेकरून सांगू इच्छितो. रोगी घाबरलेला असतो, तो गाळणारच. शेजारच्या स्टुलावर बसलेल्याने बोलावयाचे असते.

गुरुजी आज सत्तरीच्या पुढे आहेत. विडी सुटली आहे. निदान आम्ही जातो तेव्हा तरी ती दिसत नाही. ही गाठ काही जणांना दुसऱ्या बाजूसही होते, म्हणून ते वर्षातून एकदा नागपूरला दाखवून येतात. जाताना चारही काचा आणि सारे कागद एका प्लास्टिकच्या डब्यात बरोबर नेतात. डब्यावर वहिनींनी तारखांची चिठ्ठी चिकटवून घेतली आहे.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी, नाव न घालण्याच्या अटीवर, आम्ही त्यांची संमती मागितली. त्यांनी ती दिली आणि हस्तलिखित ठेवून घेतले. दोन दिवसांनी ते परत आले. नेहमीप्रमाणे ऱ्हस्वदीर्घाच्या पंधरावीस खुणा होत्या. एका वाक्याखाली मात्र दोन तांबड्या रेघा होत्या. आम्ही लिहिले होते, ‘गुरुजींनी पहिल्या तपासणीची गोष्ट डॉक्टरांपासून लपविली.’ समासात गुरुजींचे वळणदार अक्षर होते: ‘क्रियापद बरोबर. कर्ता अपुरा. तुमचे ‘आम्ही’ नेहमी एकट्याचे असते. येथे दोघांचे लिहा.’

ते वाक्य आम्ही सुधारून घेतले आहे. पहिल्या तपासणीची गोष्ट आम्ही दोघांनी डॉक्टरांपासून लपविली.